विएलिच्काला निघालेली बॅग

विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावेल, एवढीच मी एक बॅग आहे. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली गावात, एका घरात कपाटाशेजारी उभी असते. मला परदेशी नेण्यासाठी विकत घेतले होते. प्रत्यक्षात मी पर्थच्या पुढे गेलेली नाही.

माझे मालक दत्तप्रसाद सोन्याच्या खाणीत इंजिनिअर होते. त्यांची मुलगी यामिनी पोलंडमधल्या क्राकुव्ह शहरात डॉक्टरकी शिकत होती. २०२० च्या मे महिन्यात ते आणि त्यांच्या पत्नी मंजिरीबाई तिच्याकडे जाणार होते. तिथला जुना चौक, नदीकाठचा वावेलचा किल्ला, दक्षिणेकडचे डोंगर हे सारे मंजिरीबाईंसाठी होते. दत्तप्रसादांना ओढ होती ती शहराजवळच्या विएलिच्काच्या मिठाच्या खाणीची. तिथे जमिनीखाली कामगारांनी मिठातच प्रार्थनाघरे कोरली आहेत. "जन्मभर सोन्याची भिंत फोडली, एकदा मिठाची चाखून बघू," ते म्हणत. "लेकीबरोबर."

म्हणून खाणीतले बूट त्यांनी सर्वांत आधी माझ्यात ठेवले. मंजिरीबाईंनी ते लगेच बाहेर काढले. "अहो, तिथे लोक फिरायला उतरतात, शिफ्टला नाही. आणि ही माती?"

ऑस्ट्रेलियात उतरणाऱ्याच्या बुटांना माती दिसली की विमानतळावर अडवतात. सगळीकडे तसेच असणार, असे दत्तप्रसादांनी गृहीत धरले आणि जुन्या टूथब्रशने बुटांच्या तळांची खाच न् खाच घासून ते पुन्हा माझ्यात ठेवले. यामिनी फोनवर हसत होती. "बाबा, इथे कुणी बूट बघत नाही रे."

मार्चमध्ये कोरोनामुळे सीमा बंद झाल्या. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, असे सगळेच म्हणत होते. म्हणून मला कुणी रिकामे केले नाही.

पुढच्या हिवाळ्यात दत्तप्रसादांचे हृदय थकले. त्यांना रुग्णविमानाने पर्थला हलवायचे ठरले, तेव्हा घरात भरलेली बॅग मीच होते. हॉस्पिटलात नर्सने कपड्यांसाठी मला उघडले, तर लोकरी मोजे, मेतकुटाची डबी आणि तळाशी लखलखीत बूट निघाले. कुठे निघाला होतात, असे तिने विचारले. "खाली," ते म्हणाले.

यामिनी रोज फोन हातात धरून क्राकुव्हमधून चालायची. ओस पडलेला चौक, वावेलचा चढ, नदी त्यांनी उशाला टेकून पाहिली. खाण दाखवू का, असे तिने विचारले, तेव्हा मात्र ते म्हणाले, "ती फोनवर बघायची नसते, उतरायचं असतं. तूही एकटी जाऊ नकोस."

तिची तिकिटे पुन्हा पुन्हा रद्द झाली. शेवटी ती पर्थला पोचली आणि विलगीकरणाच्या नियमाप्रमाणे हॉटेलच्या खोलीत बंद झाली. वडील त्याच शहरात होते. भेटीची परवानगी तिने मागितली होती. उत्तराची वाट पाहणे चालू होते.

"क्राकुव्ह दाखवलंस, आता पर्थ दाखव," ते म्हणाले.

तिने फोन खिडकीकडे वळवला. "पार्किंग आहे, बाबा. आणि एक झाड."

"चांगलं आहे झाड."

परवानगीचे उत्तर येण्याआधीच दत्तप्रसाद गेले.

यामिनी कालगुर्लीला आली ती माझ्यासमोर जमिनीवरच बसली. तिने बूट काढून उलटे केले. खाचांतून बोट फिरवले, बोट पाहिले, पुन्हा फिरवले. कालगुर्लीची लाल माती इथे प्रत्येक दाराच्या फटीत असते. या बुटांत कणभरही नव्हती.

"आई, काहीच कसं उरलं नाही गं?"

"तुझ्याकडे यायचं होतं ना," मंजिरीबाई म्हणाल्या. "म्हणूनच तर घासले."

यामिनी परत गेली आहे. ती अजून खाणीत उतरलेली नाही. बूट पुन्हा माझ्यात आहेत, आणि मला आता कुणाला तरी देऊन टाकण्याचे बोलणे चालले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढेच सांगायचे आहे की पहिल्यांदा ते बूट न धुताच माझ्यात ठेवले होते. खालच्या कोपऱ्यात, अस्तराच्या शिवणीत, चिमूटभर लाल माती अजून आहे. मला झटकण्याआधी यामिनीला एकदा बोलवा.