विष्णुपंतांच्या बूथवरचा लायटनिंग कॉल

वाईत एसटीडी येऊन बरीच वर्षं झाली होती. आकडे दाबले की सांगली असो नाहीतर सिमला, पलीकडे घंटा वाजायची. पण विष्णुपंतांच्या बूथवरून चौऱ्याण्णव सालीही ट्रंक कॉलच लागत होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस तो. निवृत्तीनंतर काचेची केबिन टाकली, तरी गिऱ्हाईक दारात दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग?"

हे प्रकार केव्हाच मोडीत निघाले होते. पूर्वी कॉल नोंदवून तासन्तास ताटकळावं लागे, तेव्हा अर्जंटवाल्याचा नंबर आधी लागायचा आणि लायटनिंगवाल्याचा सगळ्यांच्या आधी. आता कसली नोंदणी आणि कसलं ताटकळणं! पण आख्ख्या आळीने हे शब्द उचलले होते. भाजीवाली हरणाबाई "कोथिंबीर लायटनिंग आनते" म्हणायची. ज्यांनी जन्मात ट्रंक कॉल पाहिला नव्हता, ती पोरंसुद्धा शाळेतून आली की लायटनिंग भूक लागल्याचं सांगत.

अश्लेषाला या सगळ्याचं हसू यायचं. सांगलीला चार वर्षं काढून ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाली होती. टेलिफोन कसा चालतो हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण मे महिन्यातल्या त्या मंगळवारी दुपारी पावणेचारला ती धापा टाकत बूथवर आली, तेव्हा तिच्या मुठीत संयोगिताचं पत्र चुरगळलेलं होतं.

संयोगिता म्हणजे तिची सांगलीची मैत्रीण. तिने लिहिलं होतं, 'मंगळवारी चार वाजता धवल घरच्यांबरोबर जतला मुलगी बघायला निघणार आहे. काय बोलायचं ते त्याआधी बोल. मागाहून माझ्या गळ्यात पडून रडायचं नाही.' पोस्टमनने हे पत्र मंगळवारीच, जेवणं झाल्यावर आणून टाकलं होतं. धवल आणि अश्लेषा कॉलेजात एकाच टेबलावर प्रॅक्टिकल करायचे. सुट्टीत त्याची सोळा पत्रं वाईला आली होती, तिची चौदा सांगलीला गेली होती. हवा, पुस्तकं, मास्तरांच्या नकला, सगळं लिहून झालं होतं. मुद्द्याचं अक्षर मात्र दोघांनीही लिहिलं नव्हतं.

बूथवर रांग होती. सगळ्यात पुढे खंडाळ्याकडचे नाथाजी, पलटणीतल्या मुलाला फोन करायला आलेले. घड्याळाचा काटा काही थांबायला तयार नव्हता.

"लायटनिंग," अश्लेषा म्हणाली, आणि तिचे कान तापले.

विष्णुपंत खुर्चीतून उठलेच. रोज विचारत असले तरी खरोखरचा लायटनिंग कैक महिन्यांत कुणी मागितला नव्हता. "पीपी?" त्यांनी विचारलं. पीपी म्हणजे ठरावीक माणसाशीच बोलणं, दुसऱ्या कुणाशी नाही.

"पीपी. धवल. सांगली."

"जावा ताई तुमी म्होरं," नाथाजी बाजूला सरकले. "लायटनिंगला अडवू न्हाई मानसानं."

तिने सांगितलेला नंबर विष्णुपंतांनी लावला. पलीकडे धवलचे वडील असावेत. "वाई एक्स्चेंज. लायटनिंग, पीपी, धवल. नाही साहेब, आपल्याला नाही बोलता येणार," त्यांनी बजावलं आणि रिसीव्हर तिच्या हाती दिला.

"अश्लेषा? काय गं, काय झालं?"

"काही नाही. सहज."

"अगं, बाबा म्हणाले लायटनिंग!"

"तिकडे ऊन आहे का?"

"आहे की."

"इथंही आहे. कृष्णेला पाणी कमी झालंय."

"इथंही."

इतक्या घाईने येऊन आपण नदीच्या पाण्याबद्दल बोलतोय, याचा तिला संताप आला आणि ती धरणाबद्दल बोलायला लागली. तिकडे गाडीचा हॉर्न वाजला.

इकडे विष्णुपंतांनी काचेवर पेन्सिल ठोकली. "तीन मिनिटं झाली. वाढवायचा?"

ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा. वाढवला नाही की ऑपरेटर लाईन तोडायचा. आता ती तोडायला कुठेही कुणी बसलेलं नाही, हे वाईत अश्लेषाइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही तिने घाईने रिसीव्हर तोंडाजवळ ओढला.

"धवल, जतला जाऊ नकोस," ती एका दमात म्हणाली. "मला तू हवा आहेस. लग्नाला. आणि लवकर सांग, लाईन जाईल."

पलीकडे रिसीव्हर कशावर तरी टेकवल्याचा आवाज झाला. मग लांबून धवलचं बोलणं ऐकू आलं, सलग आणि भराभर. चार वर्षांत तो असा कधी बोलला नव्हता. हॉर्न बंद झाला. अश्लेषाने डोळे मिटून घेतले. मोठा आनंद किंवा मोठी फजिती, दोहोंपैकी एक आता होणार होतं, आणि तिला वेड्यासारखं हसू यायला लागलं होतं.

"हॅलो," दमदार आवाज आला. "मी धवलचा बाप. जतच्या पाहुण्यांची माफी मी मागतो, ते माझं काम. गाडी तर दारात उभीच आहे. आम्ही पाच जण वाईला निघतोय. आईला सांग, जेवायलाच येतो."