मंडपाकडचा गोलपोस्ट

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक मैदान बघा. समुद्रपूरचं, काळ्या मातीचं. दिवाळी होऊन गेली आहे, माती वाळली आहे आणि तिला भेगा पडल्या आहेत. काही तर अशा, की तुमची पट्टी उभी आत जाईल. एका गोलपोस्टमागे पाहुण्यांसाठी कापडी मंडप, दुसऱ्यामागे नुसती पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं शेत. आता गोलपोस्टमध्ये मोनालीला उभी करा. सातवीतली मुलगी, हातमोजे जरा मोठेच.

तालुक्यातल्या आणि आसपासच्या गावांची ही फुटबॉलची छोटी लीग. दर रविवारी सामना. गिरडला, सिंदी मेघेला मोनालीने अवघड बॉल अडवले. घरच्या मैदानावर पऱ्हाटीकडेही अडवले. पण मंडपाकडे उभी राहिली, की जमिनीवरून आलेला साधा बॉलसुद्धा तिच्या हाताखालून निघून जायचा.

"पाहुणे पाहून लाजते ते," राखीव गोलकीपर अंकित म्हणाला. "लाजू द्या सर. मी हावो ना."

संघाला शिकवणाऱ्या सचिन सरांनी हसू दाबलं. "रविवारी गिरडसोबत शेवटची मॅच. जिंकलो त फायनल, नाई त घरी. मोनाली, पहिल्या हाफात गोल सुटला त मंग अंकित उभा राह्यीन."

"हो सर. पण तिकडंच काऊन सुटते?"

"तू भेते म्हणून."

मोनालीला हे पटलं नाही. भीती मंडपाकडेच बसून राहते आणि पऱ्हाटीकडे येत नाही, असं कसं होईल?

शनिवारी दुपारी ती एकटीच मैदानावर गेली. पऱ्हाटीकडे तिने बॉल सोडला. तो भेगांना अडखळत थांबला. मंडपाकडे तेवढ्याच जोराने सोडला, तर सरळ जाळीत. ती खाली बसली, जमिनीवरून हात फिरवला. भेगाच नव्हत्या. जमीन तळहातासारखी गुळगुळीत. हात नाकाशी नेला. शेण.

तेवढ्यात मैदान सांभाळणारे म्हातारे बंडूजी बादली घेऊन आले. मुलं त्यांना आबाजी म्हणत.

"आबाजी, इथं तुम्ही सारवता?"

"मंग कोण सारवीन? पाहुण्याईच्या अंगावर धुराळा उडवू का?"

"पण गोलच्या समोर काऊन?"

"मंडपासमोरचं अंगणच झालं ना ते. अर्धं सारवून कोणी पाहुणे बोलावते का वं?" बंडूजींनी बादलीत हात घातला. "सरक तिकडं. पाय नको उमटवू."

मोनाली सरकली आणि हसत सुटली. म्हणजे हंगामभर आबाजी दर शनिवारी भेगा बुजवत होते, आणि रविवारी बॉल तिच्या अंदाजाच्या आधीच येऊन पोचत होता.

रविवारी पहिल्या हाफात ती मंडपाकडेच होती. या वेळी दोन पावलं पुढे उभी राहिली, लवकर वाकली. गिरडचे सगळे बॉल तिच्या हातात आले. अंकितने घातलेले हातमोजे काढून ठेवले. पण गोल समुद्रपूरलाही करता आला नव्हता.

बाजू बदलल्या. गिरडची गोलकीपर मेघा मंडपाकडे आली. तिने बुटाने जमीन घासून पाहिली.

"काऊन वं," तिने मोनालीला विचारलं, "इकडं बॉल येवढा कसा पळते? पऱ्हाटीकडं त असा नाई पळत."

"सांगू नको," मागून अंकित पुटपुटला. "तिले कळलं त आपला गोल नाई होत. फायनल गेली समज."

हाच प्रश्न मोनालीने हंगामभर विचारला होता, आणि उत्तर मिळालं होतं, तू भेते म्हणून.

तिने बॉल खाली ठेवला आणि मेघाच्या पायांकडे हळूच सोडला. तो सरसरत गेला.

"वास घेऊन पाह्य," ती म्हणाली. "सारवलं हाय. दोन पावलं पुढं उभी राह्य."

आणि ती पऱ्हाटीकडच्या आपल्या गोलपोस्टकडे पळाली.