बाशाच्या कपाळावरचं भोक

मुहन्नद दर शुक्रवारी फोन करायचा तो माशाला, आईला नव्हे. हे नझीराला पहिल्याच वर्षी कळलं होतं आणि तिनं ते मनाला लावून घेतलं नव्हतं. पोरगा फिनलंडला गेला, जाताना एक ऑस्कर मासा मागे ठेवून गेला. त्या माशाच्या निमित्तानं का होईना, आठवड्यातून वीस-पंचवीस मिनिटं त्याचा आवाज इराकच्या बसऱ्यातल्या या दोन खोल्यांत ऐकू यायचा. कोंबडं कुणाचंही आरवो, उजाडलं म्हणजे झालं.

जुम्म्याची नमाज आटोपली की फोन वाजे. नझीरा तो टाकीच्या काचेसमोर धरी आणि मुहन्नद सुरू होई, "काय रे बाशा, जाड्या! आईला छळतोस का?" बाशा काचेला तोंड लावून गिळल्यासारखं करायचा आणि तिकडे मुहन्नद खदखदून हसायचा. नझीराचा हात भरून येई, पण हात बदलला की चित्र हलतं, म्हणून ती तसाच धरून ठेवी. स्वतःचं तोंड दाखवायची वेळ सहसा यायची नाही.

म्हणूनच यंदाच्या उन्हाळ्यात बाशाच्या उजव्या डोळ्याच्या वर, कपाळावर मोहरीएवढा खळगा दिसला, तेव्हा तिला शुक्रवारच्या फोनची धास्ती पडली. आधी वाटलं, दगडावर आपटला असेल. तिनं टाकीतला दगड काढला. मग वाटलं, ही शेजारच्या उम्म झियाची, म्हणजे झियाच्या आईची, दृष्ट. बाई टाकीपुढे उभी राहून म्हणाली होती, "तळला तर चौघांचं जेवण होईल गं!" आणि वर नजर लागू नये म्हणून म्हणायचं ते माशाल्लाहसुद्धा म्हणाली नव्हती. नझीरानं काचेवर सात डोळ्यांचा निळा मणी टांगला. मणी आपला लटकत राहिला आणि खळगा मसुराएवढा झाला. त्याच्या बाजूला आणखी दोन उमटले.

तीन शुक्रवार तिनं बाशाची डावी बाजूच दाखवली.

"युम्मा, दुसरीकडून दाखव ना."

"झोपलाय तो."

"आत्ता तर शेपूट हलवत होता!"

"झोपेत हलवतोय. तू नाही का झोपेत लाथा झाडायचास?"

मुहन्नद हसला. दुसऱ्या दिवशी ती अशार बाजारात गेली आणि शोभेचे मासे विकणाऱ्या अबू सरमदला अक्षरशः हाताला धरून घरी घेऊन आली.

अबू सरमदनं बाशाच्या डोक्याकडे पाहिलंच नाही. गुडघ्यावर बसून तो टाकीचा तळ न्याहाळत राहिला.

"जखम वर आहे, अबू सरमद," नझीरा म्हणाली.

"जखम वर आहे, रोग खाली. ही विष्ठा बघा. पांढरी, दोऱ्यासारखी. खाणं सोडलंय ना यानं?"

"पाच दिवस झाले."

"पोटात जंतू माजलेत. तसे ते बहुतेकांच्या पोटात असतात, मासा धडधाकट असला की गुमान पडून राहतात. मासा खचला की उठतात." त्यानं चहाचा पेला हातात घेतला. "आता हा खचला कशानं, ते सांगा. पाणी कुठलं घालता?"

नझीरा ताठ झाली. एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ अभिमानानं सांगण्याजोगं होतं. "आम्ही पितो तेच. आरओचं! चार वर्षं झाली. टँकरवाल्याकडून कॅन भरून घेते, दोन जिने स्वतः चढवते. नळाचा थेंब म्हणून लागू दिला नाही."

अबू सरमदनं पेला खाली ठेवला.

"उम्म मुहन्नद, त्या पाण्यातलं सगळं काढून घेतलेलं असतं हो. नुसतं कोरं पाणी. माशाला चुना लागतो, क्षार लागतात, ते तो पाण्यातून घेतो. तुमच्या पाण्यात द्यायलाच काही नव्हतं. उलट ते यालाच झिजवत राहिलं."

"म्हणजे मीच..."

"तुम्ही एकट्या नाही. या महिन्यातला हा सातवा. सगळा बसरा आपल्या माशांना मक्केचं जमजम पाजतोय."

टाकीच्या बाजूला मुहन्नदनं चिकटवलेला कागद अजून होता: नळाचं पाणी, एक दिवस बादलीत ठेवून. नळाला खारट पाणी येऊ लागलं तेव्हा नझीरानंच ठरवलं होतं, की जे आपल्या तोंडात घालवत नाही ते पोराच्या माशाला घालायचं नाही. तळहातावरच्या फोडासारखं जपलं आणि जपण्यानंच घात केला.

"मग आजपासून नळाचं घालते," ती उठलीच.

"यंदा? चाखून बघा जरा." अबू सरमद कडवट हसला. यंदा तर समुद्राचं खारं पाणी नदीतून पार शहरापर्यंत वर चढलं होतं. नळाच्या पाण्यानं माणसं आजारी पडत होती, मासा कुठला टिकणार? इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीकडचं पाणी बाद.

तरी त्यानं जमेल ते केलं. पाण्यातलं उरलंसुरलं शोषणारा गाळणीतला कोळसा काढला, शिंपल्यांचा चुरा आणून घातला. दहा तांबे आरओच्या पाण्याला एक तांब्या नळाचं, असं क्षार मोजायचं मीटर बुडवून बुडवून ठरवून दिलं. पोट बिघडल्यावर माणसं घेतात त्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कोळंबीत भरून द्यायच्या होत्या. बाशानं कोळंबी तोंडात घेतली आणि थुंकली. पुन्हा घेतली, पुन्हा थुंकली. "खा रे राजा, माझ्यासाठी खा," नझीरा काकुळतीला आली. शेवटी गोळ्या पाण्यातच विरघळवल्या. तोवर खळग्यांचं मिळून एक भोक झालं होतं, करंगळीचं टोक जाईल एवढं.

"पोटात जायला हवं होतं औषध," अबू सरमद म्हणाला. "उशीर झाला, बहिणी. मला दोष देऊ नका आणि स्वतःलाही देऊ नका."

त्याच्या सांगण्यातलं दुसरं अर्धं तिला कसं जमणार होतं?

बुधवारी दुपारी वीज गेली. गल्लीतला जनरेटर सुरू होईना. पाणी तापलं, हवेचा पंप बंद, बाशा वर येऊन तोंड वासू लागला. नझीरा पातेल्यानं पाणी उपसून उंचावरून ओतत राहिली, दंड सुजेपर्यंत. वीज आली, बुडबुडे सुटले. बाशा तोवर आडवा झाला होता.

शुक्रवारी तिनं फोन रिकाम्या टाकीसमोर धरला. दुसरीकडे कुठे धरायचा असतो हे तिला सुचलंच नाही.

"बाशा कुठाय?"

तिनं सगळं सांगितलं. पाणी, चुना, गोळ्या, पातेलं. त्याला बोलू न देताच ती घाईघाईनं पुढे म्हणाली, "अबू सरमदकडे एक आहे. लहान आहे, पण असाच ठिपक्यांचा. उद्याच आणते. पुढच्या शुक्रवारपर्यंत माणसाळेल बघ. तू फोन कर फक्त."

"युम्मा, तुला काय वाटतं, मी माशासाठी फोन करतो?"

तिनं 'नाही' म्हणायला हवं होतं. ते तिच्या तोंडून निघेना. त्यानंही 'वेडी आहेस का' म्हणायला हवं होतं, तोही ते म्हणाला नाही. "फोन तुझ्याकडे वळव," एवढंच म्हणाला. तिनं वळवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"एवढी कधी वाळलीस?"

"फोनच तसला आहे," ती म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी फोन आला. तब्येत विचारून झाली. जेवायला काय केलं ते विचारून झालं, भात आणि भेंडीचा रस्सा. तिकडे थंडी किती, इकडे ऊन किती. दोन मिनिटांत सगळं संपलं.

"बरं मग, युम्मा..."

"ठेवू नकोस," नझीरा म्हणाली.

"नाही ठेवत."

त्यानं खरंच ठेवला नाही. दोघंही फोन धरून बसून राहिली, आणि काय बोलायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.