दम देणारा मी

मी लोकांना दम देत आलोय. दचकू नका, धमकीचा दम नव्हे, छातीत भरायचा! मी एक व्हेंटिलेटर.

माझा जन्म दूध काढायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात झाला. माझी थोरली भावंडं गोठ्यांत नांदतात. त्या वर्षी श्वासाच्या आजाराची साथ आली, रुग्णालयांत यंत्रं पुरेनात, तेव्हा सरकारने आमच्या मालकीणबाईंना विचारलं, "तुम्ही बनवाल का?"

सगळे त्यांना ताई म्हणत. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"आपलं यंत्र बिघडलं तर म्हैस लाथ मारते," त्या धाकट्या भावाला म्हणाल्या. "हे बिघडलं तर माणूस जाईल. एक दावा लागला की कारखान्याला कुलूप. सत्तर घरांच्या चुली पेटतात यावर."

आठवड्याने सरकारचं हमीपत्र आलं. ठरवून दिलेल्या पद्धतीने, प्रामाणिकपणे यंत्र बनवलं आणि तरी कुणाला इजा झाली, तर भरपाई सरकार देईल; कारखान्याला कोर्टात उभं राहावं लागणार नाही. ताईंनी ते तीनदा वाचलं, मगच होकार कळवला. महिन्याभरात आम्ही बारा जण तयार झालो.

शेवटच्या चाचणीत तपासनीस काकांनी माझी नळी मुद्दाम उपटली. नळी सुटली की मी बोंब ठोकायची, हे माझं कामच. पण मी मूग गिळून बसलो! पुन्हा उपटली, तेव्हा ओरडलो.

"एखाद्या वेळी होतं असं," भाऊ म्हणाला. "टेम्पो दारात उभा आहे, रुग्णालयातल्या डॉक्टरांचे चार फोन येऊन गेले. आणि हमीपत्र आहे ना आपल्याकडे?"

"ते आपल्यासाठी आहे रे. नळीच्या त्या टोकाला जो निजलेला असेल, त्याच्या हातात काय आहे?"

भाऊ वरमला. ताईंनी डॉक्टरांना फोन लावला. ते कडाडले, "इथे माणसं तडफडताहेत!"

"संध्याकाळपर्यंत थांबा. दोष सापडलाय, तो झाकून मी पाठवणार नाही."

फोन ठेवून त्यांनी मला काकांपुढे सरकवलं.

काकांनी माझं पोट उघडलं. झाकणाखाली एक तार चिमटली होती. मग बाराही जणांची झाकणं निघाली. आणखी दोघांत तोच दोष निघाला. तिघांच्याही तारा नीट बसवून काकांनी पुन्हा नळ्या उपटून पाहिल्या. दिवस मावळायच्या आत भावाने स्वतः टेम्पो हाकत आम्हाला रुग्णालयात पोचवलं.

माझ्या वाट्याला एक बसचालक बाई आल्या. पाचव्या दिवशी कूस बदलताना त्यांची नळी निसटली. मी असा कोकललो की नर्स हातातलं टाकून धावली. पुढे त्या आपल्या दमावर श्वास घेऊ लागल्या. आवाज फुटताच म्हणाल्या, "या डब्याचा हॉर्न माझ्या बसला बसवा!"

सगळेच वाचले नाहीत. मी उशाशी असताना दोघे गेले. त्यांचे चेहरे मला आठवतात.

आता साथ ओसरलीय. मी नर्सिंगच्या शाळेत असतो. एका रबरी माणसाला श्वास देतो आणि मुलींची बडबड ऐकतो. सुखात आहे. परवा एकीने चुकीचं बटण दाबलं आणि कावरीबावरी होऊन मागे सरली. मुलींनो, मला कपड्याखाली झाकून ठेवू नका. हात लावा, हव्या तितक्या चुका करा. चुकायची जागा हीच आहे. हा रबरी माणूस कुणावर रागावत नाही.