थंड हवेची वाट

उंब्रजचे सुभेदार उदयसिंह फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात म्हातारे झाले होते. त्यांच्या तोंडून स्तुती निघणं म्हणजे कोरड्या माण नदीला पूर येणं. लेक संयोगिता सांगलीत गॅरेज चालवायची, तेही त्यांनी कुणाला आपणहून सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, शिकतीय अजून.

औंधच्या पुढं पवनचक्क्यांच्या डोंगरावर गाड्यांची चढाईची स्पर्धा ठरली, तशी संयोगितानं आपली जुनी पेट्रोल गाडी काढली. इंजिनाला जास्त हवा मिळावी म्हणून तिनं कंपनीचा हवेचा डबा काढून टाकला आणि मोठा उघडा फिल्टर बसवला. गाडी अशी गुरगुरायला लागली की शेजारची पोरं बघायला जमली. पण घाट चढताना मात्र तिला दम लागायचा. आधी जिथं तिसऱ्या गिअरवर जायची, तिथं आता दुसरा घालावा लागे.

उदयसिंहांनी बॉनेट उघडलं आणि त्यांना कारण लगेच कळलं. उघडा फिल्टर इंजिनाशेजारीच बसलेला, त्यामुळं त्याला बॉनेटखालच्या भट्टीतली तापलेली हवा मिळत होती. हवा तापली की विरळ होते, विरळ झाली की इंजिनाचं पोट भरत नाही. त्यांनी सांगितलं, जुना डबा परत लाव आणि गप बस.

संयोगिता म्हणाली, "आबा, कारण मला बी कळलंय. आता उपाय मला करू द्या. तुमी हात लावू नका."

सुभेदारांना ते झोंबलं. पण हात त्यांनी लावला नाही. सुट्टीच्या दिवशी ती गाडी घेऊन घरी यायची आणि ते अंगणात खुर्ची टाकून नुसते बघत बसायचे. तिनं फिल्टरभोवती पत्र्याची पेटी केली, पेटीच्या काठाला रबर लावलं, म्हणजे बॉनेट मिटलं की इंजिनाची गरम हवा आत शिरायची नाही. पेटीतून एक नळी काढून हेडलाइटच्या मागून पुढच्या जाळीपर्यंत नेली, बाहेरची थंड हवा थेट आत यावी म्हणून. आधी वळ्यावळ्यांची नळी लावली होती, ती आपणच काढून फेकली. वळ्यांत हवा अडखळते म्हणाली, आणि आतून गुळगुळीत नळी बसवली. पावसाचं पाणी आत जाईल, हे उदयसिंहांच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिनं नळीचं तोंड वर उचलून बांधलं. त्यांनी शब्द गिळला आणि खुर्ची जरा पुढं ओढली.

स्पर्धेच्या दिवशी डोंगरावर वारा सुटला होता. तासगावचा द्राक्षबागायतदार वीरधवल तिच्या आधी चढला, झकास चढला. मग संयोगिताची गाडी सुटली. आता तिचा पहिल्यासारखा आवाज नव्हता, म्हणून लोकांनी फारसं लक्ष दिलं नाही. उदयसिंहांचं लक्ष फक्त इंजिनाच्या श्वासाकडं होतं. शेवटच्या उभ्या वळणावर बाकीच्या गाड्या धापा टाकत होत्या. तिची गाडी तिसऱ्या गिअरवरच वर गेली, मधे कुठंही अडखळली नाही. सुभेदार कधी उठून उभे राहिले, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

तिच्या गटात ती पहिली आली. वीरधवल दुसरा. तो हसतच आला, बॉनेटखाली वाकून बराच वेळ बघत राहिला आणि मग सुभेदारांकडं वळला. "काका, फौजेतला हात दिसतोय. आमच्या गाडीला बी असंच करून द्याल का?"

"माझा हात न्हाई," उदयसिंह म्हणाले. "सगळं पोरीनं केलंय. मी असतो तर जुना डबा लावून बसलो असतो."

संयोगिता मान खाली घालून हातातल्या रुमालाच्या उगाच घड्या घालत राहिली. वीरधवलनं तिच्याकडून गॅरेजचा पत्ता घेतला.

परतताना मसूर मागं पडलं. उंब्रजमध्ये शिरल्यावर सुभेदारांनी चहाच्या हॉटेलापाशी गाडी थांबवायला सांगितली. तिथं निवृत्त फौजींचा अड्डा असायचा. त्यांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि स्वतःच्या हातानं बॉनेट उघडलं. एका हवालदारानं विचारलं, ही पेटी कशाला?

उत्तर द्यायला सुभेदारांचं तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं आणि एक पाऊल मागं सरकून लेकीला जागा करून दिली.

"आमच्या संयोगितालाच विचारा," ते म्हणाले. "मी बी ऐकतो."