चादरींचा बोळ

"काका, शेवटचं विचारते. या भिंतींत कुठं पोकळ जागा आहे?" इंजिनियर स्मारांडाबाईंनी विचारलं.

बॉयलर सांभाळणाऱ्या इलारियेने काट्यावरची नजर हलवली नाही. "पोकळ असत्या तर दोनशे वर्षं उभ्या राहिल्या असत्या का, बाई?"

जुन्या इस्पितळाचं नूतनीकरण लिफ्टपाशी अडलं होतं. मूळ नकाशे हरवलेले, आणि वारसा खात्याने कुठलीही भरीव भिंत फोडायला मनाई केलेली. उद्यापर्यंत जागा सापडली नाही, तर वरच्या मजल्यावरचा हृदयविभाग ऐंशी किलोमीटरवरच्या शहरात हलणार होता.

इलारियेला जागा ठाऊक होती. वरच्या मजल्यावरून मळक्या चादरी खाली टाकायचा भिंतीतला एक उभा बोळ होता. वर कामाला असलेली वेतुरिया गाठोडं सोडायची, तो खाली झेलायचा. पुढे दोघांचं लग्न झालं. बोळाचं तोंड विटांनी बुजवलं गेलं आणि तळघरातली चादरी झेलायची ती खोली त्या दोघांना राहायला मिळाली. वेतुरियाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. इलारियेला दुसरं घर नव्हतं.

दुपारी जिन्यातून हाक आली. सफाईवाले जेवायला गेलेले, त्यामुळे रुग्णाला उचलून वर न्यायच्या खुर्चीचा चौथा पाय धरायला माणूस नव्हता. खुर्चीत पावलं सुजलेली एक म्हातारी होती. इलारियेने खुर्चीचा तो पाय धरला. दुसऱ्या वळणावर सगळे धापा टाकत थांबले.

"ठेवा मला इथंच," म्हातारी म्हणाली. "माझ्याआधी तुम्हीच जाल. आणि या काकांना तर आताच खाट द्या."

सगळे हसले. म्हातारीचे ओठ मात्र निळे पडले होते. वर पोचेपर्यंत ती पुन्हा बोलली नाही.

इलारिये खाली आला, हात धुतले आणि स्मारांडाबाईंना शोधून काढलं.

"टेप घेऊन चला."

खोलीत त्याने एकट्याने पलंग ओढला. भिंतीवर ठोकलं. आवाज पोकळ आला. बाईंचा चेहरा उजळला. मग त्यांना शेगडीवरचं पातेलं दिसलं, दोरीवरचा एकुलता सदरा दिसला.

"इथं कोण राहतं?"

"मी."

"मग तुम्ही कुठं..."

"ते बघू. आधी माप घ्या."

सेवेर गवंडी दिवा घेऊन आला. टेपचं एक टोक इलारियेने भिंतीच्या पायाशी धरलं.

"काका, जरा बाजूला व्हा," सेवेर हळूच म्हणाला. "तुमची सावली पडतेय भिंतीवर."

त्या भागातले गवंडी अजून मानतात की भिंतीबरोबर ज्याची सावली मोजली जाते, तो चाळीस दिवसांत जातो. बांधकाम मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

इलारियेने टेप घट्ट धरली. तो जागचा हलला नाही.

"मोज," तो म्हणाला.