पाव्हण्याला बॉयलर?

दुष्काळात माणसं कोंबडी खाणं का सोडतात, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. रस्सा करायला पाणी लागतं आणि नंतर ती तेलकट पातेली घासायला त्याहून जास्त. युसूफ वडगावात टँकर कधी यायचा, कधी नाही. रविवारी सकाळी बायका आधी हंड्यात डोकावायच्या आणि मग म्हणायच्या, "जाऊ द्या, आज चटणी-भाकरीच खाऊ."

याचा फटका आमच्या शेडला बसला. माझ्या सासूबाई भामाबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या गावातल्या महिला कुक्कुटपालन सहकारी संस्थेच्या अध्यक्ष. शेड आमच्याच रानात होतं. त्यात बॉयलर कोंबड्या होत्या. ब्रॉयलर हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नाही, वापरला तर समोरचा दुरुस्त करतो. विकल्या न गेलेल्या कोंबड्या रोज वाढत होत्या आणि रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त पाणी पीत होत्या. नवीन पिल्लं घ्यायची की शेडला कुलूप लावायचं, हे सोमवारपर्यंत पिल्लंवाल्याला कळवायचं होतं.

शेडची सगळी राखण सरूबाई करायच्या. आमच्याच वस्तीतल्या, आत्यांच्या मैत्रीण. मी त्यांना मावशी म्हणायची. नवरा गेल्यावर सरूमावशी बरीच वर्षं दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्यावर जायच्या. शेड झालं तेव्हा त्यांनी कोयता माळ्यावर टाकला. आता शेड बंद झालं तर तो पुन्हा खाली काढावा लागणार, हे त्या स्वतः बोलत नव्हत्या. पण पक्ष्यांना पाणी घालताना भांड्याच्या कडेला लागलेले थेंबसुद्धा त्या बोटानं आत निपटायच्या.

मी केजच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. जाण्यायेण्याच्या रस्त्यावर बद्रीनाथरावांचा ढाबा लागतो. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. एके दिवशी ढाब्याच्या दारात खडूनं लिहिलेली पाटी दिसली : आज रस्सा मिळणार नाही. मी गाडी थांबवली.

"काय करावं मॅडम," बद्रीनाथराव म्हणाले. "भांडी घासायलाच पाणी न्हाई. गिऱ्हाईक येतंय, पाटी वाचतंय, तसंच जातंय."

"रस्सा नसलेलं चिकन केलं तर? निखाऱ्यावर भाजलेलं. कागदी प्लेटमध्ये द्यायचं. भांडं घासायलाच नको."

"ते शहरातल्या हाटेलातलं? लाल रंगाचं?"

"रंग नाही. लिंबू, लसूण, हिरवी मिरची आणि हिरवा पाला."

पाला म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे शेळीकडे बघावं तसं बघितलं. पण शनिवारी संध्याकाळी येतो म्हणाले. चव पटली तर दर आठवड्याला आमच्या शेडचे पक्षी घेणार होते.

शुक्रवारी आम्ही एक पक्षी करून बघितला. सरूमावशींनी भाजायला खुराड्याची चकचकीत जाळी आणली होती. मी ती परत पाठवली. त्या जाळीला जस्ताचा मुलामा असतो आणि तापल्यावर त्याचा धूर चांगला नसतो. मग गोठ्यातली खिडकीची जुनी गजांची चौकट विटांवर ठेवली. बाभळीचे निखारे केले. पक्षी पाठीवरून चिरून पुस्तकासारखा उघडला, मांडीला हाडापर्यंत चिरा दिल्या. लसूण, मिरची, कोथिंबीर, मोरीच्या पाण्यावर तगलेला पुदिना आणि ओव्याची जाड पानं पाट्यावर वाटली. त्यात मीठ आणि तेल घालून ते पक्ष्याला चोळलं. लिंबू मात्र मी बाजूला ठेवलं.

"ते कावून ठिवलं?" मावशींनी विचारलं.

"ते शेवटी. भाजायच्या आधी अर्धा तास, बस. लिंबाचा आंबटपणा मांसावर विस्तवासारखंच काम करतो. जास्त वेळ ठेवलं तर वरचं मांस आधीच पांढरं पडतं आणि भाजल्यावर भुसा होतो."

"म्हंजी बिनजाळाची चूल," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी ते कायमचं लक्षात ठेवलं.

आत्या बाजेवर बसून सगळं बघत होत्या. "आन् मसाला?"

"हाच मसाला."

"काळा मसाला न्हाई? खोबरं न्हाई? कांदा भाजलेला न्हाई?" त्यांनी सरूमावशींकडे बघितलं. "सरू, हिच्या माहेरी दुखण्याला असंच देत असतील."

पक्षी भाजला. मांडीत सुरी घातल्यावर पाणी स्वच्छ निघालं, तेव्हा उतरवला. आत्यांनी पहिला तुकडा तोंडात टाकला. दुसरा घेतला. पंखाचं हाड चोखून झाल्यावर म्हणाल्या, "दुखण्याला बरं हाय." आणि तिसरा घेतला.

सरूमावशी बोटं चाटत नुसत्या विचार करत होत्या. तेव्हाच मी विचारायला हवं होतं, कसला.

शनिवारी माझ्याकडे प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रमाणं मावशींना पाठ होती, म्हणून मी निर्धास्त गेले. ऊन उतरताना घरी पोचले तर बद्रीनाथराव आधीच आलेले, बाजेवर बसलेले. त्यांचा ड्रायव्हर त्रिंबक जीपला टेकून उभा. मावशी सुपानं निखारे फुलवत होत्या आणि गजांवर हिरवे तुकडे तडतडत होते. वास अगदी बरोबर होता. लिंबूही वेळेवर लावलं होतं. मी साली बघितल्या, ताज्या होत्या.

"जय भीम मॅडम, या," बद्रीनाथराव म्हणाले. "वासावर तर आपण पास."

मावशींनी पहिली मांडी कागदी प्लेटमध्ये वाढली आणि हात पदराला पुसून समोर उभ्या राहिल्या. बद्रीनाथरावांनी चावा घेतला. म्हणजे घ्यायला गेले. मांडी एका बाजूला ओढली, मान दुसऱ्या बाजूला. शेवटी एक तुकडा सुटला आणि ते चावू लागले.

ते चावत राहिले. त्रिंबक त्यांच्या जबड्याकडे बघत होता. आत्या बघत होत्या. खुंट्याला बांधलेल्या शेळीनंसुद्धा रवंथ थांबवून बघितलं.

"लई भारी," अखेर ते म्हणाले, पण घास अजून तोंडातच होता.

"मालक, धरू का दुसऱ्या बाजूनं?" त्रिंबक म्हणाला.

"गप बे."

मी गजांवरची दुसरी मांडी चिमट्यानं उलटली. हाड जाड, पिवळट. आमच्या शेडमधल्या कुठल्याही पक्ष्याचं हाड एवढं नव्हतं; ती तर जेमतेम दीड महिन्याची पोरं. मग मी शेडच्या छपराकडे बघितलं. तिथं रोज संध्याकाळी सरूमावशींचा तांबडा कोंबडा बसायचा. तो त्यांचा जीव की प्राण होता. वस्तीतल्या प्रत्येक कुत्र्याला त्यानं एकदा तरी पळवलं होतं. छप्पर रिकामं होतं.

"मावशी," मी हळू आवाजात विचारलं, "तांबडा?"

मावशींचा चेहरा उजळला. मी विचारावं म्हणूनच थांबल्या होत्या जणू. "मंग! पाव्हण्याला बॉयलर वाढू व्हय? काल बॉयलर एवढा ग्वाड लागला, तर मनलं गावरान किती लागंल!"

त्यांच्या हिशेबात काही चूक नव्हती. आमच्याकडे पाहुणा आला की गावरान कोंबडा कापतात. बॉयलर हा घरच्या घरी खायचा, कुणी बघत नसताना. चांगल्या मसाल्याला चांगलं मांस, हे कुणालाही सुचलं असतं. फक्त दोन वर्षं कुत्र्यांच्या मागं धावलेल्या पायात जे चिवट धागे तयार होतात, ते कोरड्या निखाऱ्यावर आणखी आखडतात. त्यांना पाणी लागतं आणि सावकाश आच. लिंबाचं तिथं काही चालत नाही.

मला हे सगळं माहीत होतं आणि काय बोलावं ते माहीत नव्हतं. कोंबडा चिवट आहे म्हणावं, तर ज्या बाईनं आपला जीव की प्राण कापून वाढला, तिचा पाहुण्यासमोर पाणउतारा. गप्प बसावं, तर बद्रीनाथराव हेच आमच्या शेडचं मांस समजून निघून जाणार, आणि मावशी दिवाळीनंतर कारखान्यावर. ते प्लेट बाजूला ठेवून घड्याळाकडे बघू लागले होते.

"बरंय मंग, भामाबाई. कळवतो मी..."

"बसा," आत्या म्हणाल्या.

ते बसले. आत्यांनी बसा म्हटल्यावर ग्रामसेवकही बसतो.

"बद्रीनाथराव, ह्यो कोंबडा ईकायचा न्हाई. सरूनं लेकरावानी पाळलेला. तुमी आमच्या दारात पयल्यांदा आले, म्हून तुमच्या मानाला कापला. ह्यो मान झाला. आता धंद्याचं बघू. तुमी काय घेणार ते आजून शेडात हाय, जित्तं."

बद्रीनाथरावांनी सरूमावशींकडे बघितलं, मग प्लेटमधल्या मांडीकडे. त्यांनी ती पुन्हा उचलली.

"तरीच," ते म्हणाले. "एवढा दम बॉयलरमधी कुठून आला, मी मनात मनलं."

"दम तर हायेच," मावशी अभिमानानं म्हणाल्या. "आवं, कुत्रे भ्यायचे त्याला."

"मी बी भेलो, मावशी."

आत्या सगळ्यात आधी हसल्या. मग त्रिंबक, आणि मग मावशीही, आधी तोंडावर पदर घेऊन आणि नंतर तो सोडून देऊन.

मी आणि मावशी शेडात गेलो. दोन पक्षी निवडले. मावशींनी ते माझ्यादेखत झटपट साफ केले, वाटण उरलं होतं ते चोळलं, आणि लिंबू पिळताना माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. अर्धा तास. हा अर्धा तास पाहुण्याला काय द्यायचं, हा प्रश्न होता. आत्यांनी तो सोडवला. अर्धवट भाजलेल्या तांबड्याचे तुकडे गजांवरून उचलून त्यांनी कुकरमध्ये टाकले आणि आतून काळ्या मसाल्याचा डबा आणला. डबा माझ्या नाकासमोरून मुद्दाम हळू नेला.

"आन् पाणी?" मावशींनी विचारलं. हंड्यात प्यायचं तेवढंच होतं.

"गाडीत कॅन हाय," त्रिंबक म्हणाला. "रेडिएटरसाठी ठिवलाय, पण चांगलं पाणी हाय, बोअरचं." त्यानं मालकाकडे बघितलं. मालकांनी मान हलवली. असा त्या दिवशी आमच्या घरी रस्सा झाला.

कुकरच्या शिट्ट्या होत असताना इकडे गजांवर पक्षी चढले. निखारे आता राखेनं पांढरे झाले होते, हवे तसे. तेल गळून भुरका धूर यायचा आणि मावशी तुकडा सरकवायच्या. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. त्यांनीच सुरी घालून बघितली, मग मला दाखवली. पाणी स्वच्छ होतं.

या वेळी बद्रीनाथराव "लई भारी" म्हणाले नाहीत. त्यांनी मांडी खाल्ली, छातीचा तुकडा खाल्ला, बोटांना लागलेला पाला खाल्ला आणि प्लेट त्रिंबकपुढे करायचं विसरले. त्रिंबकनं स्वतःच हात घातला.

"ह्याच्यात ते कसलं वास मारतंय? चांगला वास."

"ओव्याची पानं," मी म्हटलं. "फुटक्या माठात लावली आहेत. आठवड्याला पेलाभर पाणी पुरतं."

"मॅडम, माझी पाटी मी उद्या पुसतो." ते आत्यांकडे वळले. "पक्षी घेतो. दर आठवड्याला. पण ह्या सरूमावशीनं सुरवातीला चार-आठ दिवस ढाब्यावर येऊन माझ्या आचाऱ्याला दाखवायचं. त्यो लिंबात रातभर भिजवत ठिवंल, मला म्हाईत हाय त्यो."

"मी? हाटेलात?" मावशी म्हणाल्या. "आन् त्यानं माझं ऐकलं न्हाई तर?"

"तांबड्याचं नाव सांगा," त्रिंबक म्हणाला.

आत्या मात्र या वेळी हसल्या नाहीत. "पक्षी न्यायला तुमची गाडी येणार. येताना रिकामी येणार का?"

"मंग काय भरून आणू?"

"पाण्याचा बॅरल. पक्षी पाणी पितेत, बद्रीनाथराव. तुमालाच घालायचेत ते."

"भामाबाई, पाणीच असतं तर रस्सा बंद कावून केला असता?"

"भांडी घासायचं वाचंल की आता. ते आणा."

माझ्या वर्गात एखाद्याचं उत्तर फळ्यावर त्याच्याच आकड्यांनी चुकीचं ठरलं की जसा चेहरा होतो, तसा बद्रीनाथरावांचा झाला. मग त्यांनी दोन्ही हात वर केले. "आणतो. एक बॅरल."

"मोठा," आत्या म्हणाल्या आणि कुकर उघडायला उठल्या.

रस्सा काळा, तर्रीदार झाला होता आणि त्याला निखाऱ्याचा धुरकट वास होता. एवढ्या दिवसांनी रस्सा म्हणून सगळ्यांनी तो वाटीनं प्यायला. तांबड्याचं मांस आता हाडावरून सुटून येत होतं. मावशींनी आपल्या वाटीकडे थोडा वेळ बघितलं, डोळे टिपले आणि मग भाकरी कुस्करली. "चव हाय लेकराला," त्या म्हणाल्या. त्यावर बद्रीनाथरावांनी आणखी एक वाटी मागितली.

जीप गेली तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. सोमवारपर्यंत थांबायला आत्या तयार नव्हत्या. त्यांनी मावशींच्या हातात फोन दिला. मावशींनी तेलकट बोट लुगड्याला पुसून पिल्लंवाल्याचा नंबर लावला.

"मी सरूबाई बोलती, वडगावच्या शेडातून. पिल्लं पाठवा. हो, पाठवाच." त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. पलीकडचा माणूस बहुधा विचारत होता, दुष्काळ एवढा, माणसं चिकन घेईनात, आणि या बायका पिल्लं घेऊन करणार काय.

"काय करणार म्हंजी?" मावशी म्हणाल्या. "भाजणार!"